करून बघा, नाहीतर चहा आणा

आमच्या दुकानात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. एक, बंद पडलेले कीबोर्ड. दुसरी, किस्से. कीबोर्ड माळ्यावर चढतात, किस्से चार वाजताच्या चहाला खाली उतरतात. माळा फारच भरला तेव्हा नानांनी एक पोतं भंगारात दिलं. किस्से मात्र भंगारवालाही घेत नाही! म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावेत.

दुकान औरंगपुऱ्यात, एका गल्लीत. कंप्यूटर दुरुस्तीचं. माणसं तीन.

नाना हे मालक. मूळचे सिल्लोडकडचे, वय बासष्ट. आधी तिथं रेडिओ दुरुस्त करायचे, रेडिओ संपले तसे इथं येऊन कंप्यूटरकडं वळले. नानांची ख्याती त्यांच्या कानाची. मशीन सुरू केलं की कान जवळ नेतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "पंखा घासतोय." गिऱ्हाईक लांबून लांबून त्या कानासाठी येतं.

सलीमभाई हे कारागीर. वीस वर्षं नानांच्या शेजारी बसलेले. नानांना 'उस्ताद' म्हणतात. त्यांना एक खोड आहे. मशीननं आवाज केला की तेही तोंडानं तसाच आवाज काढतात. मशीन 'टुक' म्हणालं की सलीमभाई 'टुक'. मशीन दोनदा म्हणालं की तेही दोनदा. पहिल्या दिवशी मी एवढी हसले की खुर्चीवरून पडायची बाकी होते.

तिसरी मी, मुक्ता. बिडकीनची. कंप्यूटर सायन्समध्ये बीएस्सी. बाबा म्हणतात, घराजवळ एवढ्या कंपन्या आल्यात तिथं लाग. पण मला मशीनं उघडायची होती, म्हणून मी इथं आले. आणि नानांनी मला कुठं बसवलं? काउंटरला! ॲडमिशनचे फॉर्म भर, आधारची प्रिंट काढ, रिझल्ट डाउनलोड कर. खिडकीजवळचं मोठं टेबल, जिथं मशीन उघडतात, ते नानांचं आणि सलीमभाईंचं.

"टेबलाला हात लागतो पोरी, डिग्री नाय," नाना म्हणाले. "माझ्या उस्तादानं मला दोन वर्षं नुसतं बघत बसवलं व्हतं."

"तुमच्या उस्तादानं तुमची दोन वर्षं वाया घालवली म्हणून तुम्ही माझी घालवणार?"

"बघू."

मोठ्या माणसांचा हा शब्द मला अजिबात सहन होत नाही. 'नाही' म्हणा, मी भांडते. 'हो' म्हणा, मी कामाला लागते. 'बघू'चं काय करायचं?

आता दुकानाचा नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चार वाजता चहा. चहाला कोणीही 'जर असं केलं तर काय होईल?' असा प्रश्न विचारायचा. पण नुसता विचारून सोडायचा नाही! दुसऱ्या दिवशी चारच्या आत करून बघायचं. नाही बघितलं तर रस्त्यापलीकडच्या टपरीवरून किटली भरून आणायची, स्वतः. आणि दुसऱ्या कोणी करू दिलं नाही, तर किटली त्या अडवणाऱ्याची. सलीमभाईंनी हे मदरबोर्डच्या खोक्यावर मार्करनं लिहून भिंतीला लावलंय.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "नाना, जर मी टेबलावर बसले तर काय होईल?"

"बघू," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना उठले, चप्पल घातली आणि किटली घेऊन आले.

मी परत विचारलं. नाना परत किटली घेऊन आले. माझ्याकडं दुसरा कितीही भारी प्रश्न असला तरी त्याच्या आधी मी हा रोज विचारते. आणि नाना चौदा महिने झाले, रोज रस्ता ओलांडतायत!

* * *

हा सलीमभाईंचा प्रश्न. "बेटा, पेनड्राइव भरे तो भारी होता क्या?"

मी म्हटलं, नाही होत. सलीमभाई म्हणाले, "किताब में लिखा सो बोल रई, या तोल के बोल रई?"

आता आली का पंचाईत. तोलून कोणी बघितलंय? आणि तोलायचं कशावर? नाना म्हणाले, "सराफ्यात चला. तिथं केस पडला तरी काटा हलतो."

एकाच कंपनीचे दोन पेनड्राइव्ह घेतले. एक कोरा. दुसऱ्यात नानांच्या मुलाच्या लग्नाचे चार हजार फोटो. नानांच्या ओळखीचे एक सराफ होते. त्यांना वाटलं, नाना सुनेला काहीतरी करायला आले. गादी झटकली, पाणी मागवलं. आम्ही पेनड्राइव्ह काढले.

भरलेला हलका निघाला!

सलीमभाई डोळे मिटून म्हणाले, "सुभानल्ला. जितना इल्म, उतना हलका."

मला रात्रभर चैन नाही. सकाळी लक्षात आलं, आम्ही गाढवपणा केला. दोन वेगळे तुकडे कसे सारखे असतील? एकच पेनड्राइव्ह आधी कोरा तोलायला हवा, मग भरून. परत सराफ्यात. आधी कोरा तोलला, तिथंच लॅपटॉपवर फोटो भरले, परत तोलला. काटा जागचा हलला नाही.

नाना काट्यावर वाकले. "चार हजार फोटो," ते म्हणाले. "हजार माणूस जेवलं. आन् वजन शून्य?"

सराफांनी चष्मा वर केला. "नाना, एवढा माल भरूनही वजन वाढत नसेल, तर हा धंदा चांगला नाही."

* * *

काउंटरवर जो कंप्यूटर आहे, तो सहा वर्षं बंदच झाला नव्हता. लाईट गेली तरी यूपीएस, यूपीएस संपायच्या आत लाईट. नानांचं म्हणणं, "चालू हाय ना? मग चालू राहू दे."

सलीमभाईंनी विचारलं, "उस्ताद, इसको एक दिन की छुट्टी दिए तो?"

नानांना ते पटलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम, आणि रोज दोन दोन किटल्या कोण आणणार? शनिवारी संध्याकाळी बंद केला. रविवारी त्याला आराम. सोमवारी सकाळी बटण दाबलं.

काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही, हूं नाही की चूं नाही.

मला खरंच कुतूहल वाटलं. चालू असताना ज्याला काही होत नाही, ते थांबल्यावर का मरतं? गरम असतं म्हणून चालत होतं का? गार पडून आतलं काही आकसलं का? की आधीच मेलं होतं आणि थांबलं नव्हतं म्हणून कोणाला कळलं नव्हतं? मी एका दमात सात प्रश्न विचारले.

नानांनी मशीन उघडून पॉवर सप्लाय बदलला. मी काउंटरवरून मान उंच करकरून बघितलं. मग नाना म्हणाले, "पोरगा माझ्या मागं लागलाय, नाना आता दुकान बंद करा, आराम करा. आज त्याला ह्याचा फोटो पाठव."

पाठवला. खाली नानांनीच सांगितलेलं लिहिलं, 'एक दिवस आराम दिला होता.'

* * *

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

फाइल काढून टाकताना कंप्यूटर विचारतो, 'तुमची खात्री आहे का?' आपण न वाचता 'हो' दाबतो. हा काय प्रश्न झाला? खात्री कोणालाही असते! जर कंप्यूटरनं 'खात्री आहे का?' च्या ऐवजी 'का?' विचारलं तर?

मी छोटासा प्रोग्राम लिहिला आणि दुकानातल्या कंप्यूटरवर टाकला. काहीही काढायचं असेल तर एक चौकट यायची, 'का?' कारण लिहिल्याशिवाय फाइल जायची नाही. रद्द केलं तरी जेवढं लिहिलं तेवढं साठून राहायचं. तेवढं मी दोघांना सांगायला विसरले!

आठवड्यानं यादी उघडली.

नाना: 'जागा नाही.' नाना: 'जागा नाही.' नाना: 'जुनं.' नाना: 'तुला काय करायचंय.' नाना: 'परत विचारलं तर बघ.'

सलीमभाई: 'मर्ज़ी.' सगळीकडं 'मर्ज़ी'. एका ठिकाणी मात्र, 'गलती से लिए थे.'

शेवटी नानांचं एक रद्द केलेलं निघालं. फोल्डरचं नाव 'रेडिओ'. त्यात जुन्या स्टेशनांचे आवाज होते, नानांनी कधीकाळी टेपवरून उतरवून ठेवलेले. कारण लिहिलं होतं, 'आता काय उपयोग.' मग काढलेलंच नाही.

मला वाटलं, म्हातारी माणसं! ठेवायचं म्हणून ठेवायचं, आणि काढायचं म्हटलं की 'रद्द' दाबायचं.

चहाला नाना म्हणाले, "कंप्यूटर 'का' विचारणारा नको. घरी त्यासाठी बायको हाय."

"मग काकू विचारतात तेव्हा तुम्ही कारण लिहून देता का?"

सलीमभाईंच्या नाकातून चहा आला.

* * *

पासवर्ड कोणालाच आठवत नाही. निम्मं गिऱ्हाईक फक्त त्यासाठी येतं. एकदा मी विचारलं, जर पासवर्ड म्हणजे अक्षरं नसतीच तर? घरात कोण आलंय हे आपल्याला दारावरच्या थापेवरून कळतं. बाबा दोनदा वाजवतात. आई एकदा वाजवते आणि थांबते. माझा भाऊ दार तोडतो. मग थापेचंच कुलूप केलं तर?

हत्यारांचं कपाट निवडलं. नाना त्याला रोज कुलूप घालतात, का ते मला ठाऊक आहे! जुन्या स्पीकरमधलं भिंगरीएवढं, थाप टिपणारं यंत्र कपाटाला चिकटवलं, छोटा बोर्ड जोडला, नानांची थाप त्याला शिकवली: टक, टकटक, टक. बरोबर थाप पडली की बारीक 'पीं' व्हायचं आणि कडी सुटायची.

चाललं! मी गल्लीभर सांगून आले.

फक्त नाना त्याला फार घाई करायचे. थाप मारायचे, 'पीं' व्हायचं, आणि दार ओढायचं सोडून हे परत थाप मारायचे. परत थाप मारली की कडी परत लागायची. "उघडत नाय तुझं!" अहो नाना, उघडलं होतं! जरा धीर नाही. शेवटी सलीमभाई शेजारी उभे राहायला लागले. 'पीं' झालं की ते पण 'पीं' म्हणायचे आणि नाना दार ओढायचे.

मग गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. ढोलाचा ठोका छातीत बसत होता. आम्ही तिघं पायरीवर उभे. आणि मागून आवाज, पीं! कडी सुटली. पीं! लागली. पीं! सुटली. कपाट ढोलाच्या तालावर उघडझाप करायला लागलं!

सलीमभाईंनी आत बघितलं, बाहेर बघितलं. "बेटा, इनको पासवर्ड कौन बताया?"

नाना शांतपणे म्हणाले, "त्यो विद्येचा देव हाय. त्याला विचारून बसवायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी कपाटाला परत लोखंडी कुलूप.

* * *

खुलताबादच्या डोंगरावरून एक बाबा यायचे. धनगर. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. नात बीसीए करते, तिचा लॅपटॉप घेऊन यायचे. लॅपटॉप घोंगडीत गुंडाळलेला असायचा, कोकरू आणल्यासारखा.

ते वाट बघत बसले होते तेव्हा मी सहज विचारलं, "बाबा, मेंढ्या किती?"

"हायेत की."

"अहो पण किती?"

"मोजल्या न्हाईत."

मी उसळलेच. म्हटलं, बाबा, कॅमेरा लावते. वाड्यात शिरताना तो एकेक मोजेल. संध्याकाळी मोबाइलवर आकडा येईल. एक जरी कमी भरली तरी लगेच कळेल!

बाबा हसले. "कोन कमी भरली ते सांगंल का?"

"ते... नाही. आकडा सांगेल."

"आकड्याला घेऊन कुठं हुडकू? काळ्या कानाची नसंल तर ती वढ्याला असती. लंगडी नसंल तर ती मागं बसलेली असती. मला मोजावं लागत न्हाय पोरी. जी न्हाय, ती दिसती."

मी पेन खाली ठेवलं! असं माझं क्वचित होतं. आम्ही तीन वर्षं शिकलो, सगळं मोजा, मग फरक काढा. हा माणूस मोजतच नाही, थेट नसलेलं बघतो. असा कंप्यूटर केला तर? जो असलेलं दाखवणारच नाही, फक्त नसलेलं दाखवेल? त्याच्या स्क्रीनवर काय दिसेल? मी त्यावर दोन वह्या भरल्यात, अजून जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी नानांच्या किटलीबरोबर माझीही एक किटली झाली.

चार दिवसांनी बाबा लॅपटॉप न्यायला आले. दारातच थांबले. इकडं तिकडं बघितलं.

"इथं काय तरी कमी झालंय."

आम्ही तिघांनी दुकान न्याहाळलं. सगळं जागच्या जागी.

"मागल्या बारीला बारीक काय तरी वरडत व्हतं. पाखराच्या पिल्लावानी. आज न्हाय."

खरंच की! टेबलाखालचा जुना यूपीएस महिनाभर 'टीं टीं' करत होता. आदल्या दिवशीच सलीमभाईंनी त्याची बॅटरी बदलली होती.

नाना म्हणाले, "कुठं काय वरडत व्हतं? मी इथंच तर बसलेलो असतो."

मी म्हटलं, "नाना, महिनाभर डोकं उठलं होतं आमचं!"

सलीमभाईंनी चटकन लॅपटॉप पुढं केला. "लो बाबा, देख लो, चालू हुआ."

* * *

आता शेवटचा.

सलीमभाई भाचीच्या लग्नाला जालन्याला गेलेले. सकाळी अकराला सिल्लोडचे पाटील आले. त्यांची कापसाची जिनिंग आहे. हातात एक जुनापुराणा, पिवळा पडलेला कंप्यूटर, छातीशी धरलेला. त्यांच्या वजनकाट्याचा प्रोग्राम फक्त त्याच्यावर चालतो. लिहिणारा माणूस केव्हाच परदेशी गेला, प्रोग्रामची दुसरी प्रत कोणाकडं नाही.

"नाना, रातीपासून काटा बंद हाय. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय. माणसं कालपासून गाडीतच बसून. नवीन मशीनवर त्यो प्रोग्राम चालत न्हाय. तुम्हीच काय ते बघा."

नानांनी मशीन टेबलावर घेतलं. झाकण काढलं. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच.

आणि मशीन बोललं. टूऽऽ, टुक, टुक. एक लांब, दोन छोटे.

हे कंप्यूटरवाल्यांना पाठ असतं. स्क्रीनवर काही दाखवता येत नाही तेव्हा मशीन असं सांगतं, दुखणं कुठं आहे. एक लांब, दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्ड. बाकी सगळं ठीक. काउंटरवर फॉर्म भरता भरता मीही ओळखलं.

नानांनी कान जवळ नेला. डोळे मिटले. परत बटण दाबलं.

टूऽऽ, टुक, टुक.

नानांनी डोळे उघडले. "मुकं हाय, पाटील. बीपच देत नाय. बोर्ड गेला."

पाटील खाली स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी खोटं सांगणार नाही. मला आधी आनंदच झाला. चौदा महिने! चौदा महिने मी या क्षणाची वाट बघत होते. नाना चुकले, गिऱ्हाइकासमोर चुकले, आणि बरोबर काय ते मला माहीत होतं. वाक्य ओठावर तयार होतं, 'नाना, बीप ऐकू येत नाही का तुम्हाला?'

तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

कारण शेजारची खुर्ची रिकामी होती. मशीन बोललं होतं आणि त्याच्यामागून कोणी 'टुक' म्हणालं नव्हतं. मला पहिल्यांदाच त्या दुकानात नसलेलं ऐकू आलं. आणि मग एकदम सगळंच. कपाटाला परत परत मारलेली थाप. महिनाभर बारीक ओरडणारा यूपीएस, आमचं बोलणं ऐकणाऱ्या नानांना न ऐकू आलेला. 'रेडिओ' नावाचं फोल्डर.

नाना स्क्रू परत लावायला लागले.

मी मान वर केली नाही. फॉर्मवर जन्मतारीख लिहीत लिहीत, सलीमभाई काढतात तसा आवाज काढला. "टूऽऽ. टुक. टुक."

नानांचा हात थांबला.

पाटील माझ्याकडं बघायला लागले, ही काय करतेय म्हणून.

नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "परत."

त्यांनी बटण दाबलं. मशीन बोललं. मी म्हटलं, "टूऽऽ. टुक. टुक."

"खोडरबर दे."

मी काउंटरवरचा खोडरबर फेकला. नानांनी कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी कडा खोडरबरनं चोळल्या, शाळेत वही चोळावी तशा. फुंकर मारली. परत बसवलं. बटण.

टुक.

मी म्हटलं, "टुक."

स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली. पाटलांनी नानांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"नाना, तुमच्या कानाला तोड न्हाय!"

नाना "हं" म्हणाले.

पाटील मशीन छातीशी धरून गेले. आम्ही दोघंच राहिलो. नाना टेबल पुसत होते, मी फॉर्म भरत होते. चारला पाच कमी असताना नाना उठले, चप्पल घातली आणि किटली घेऊन आले. आदल्या दिवशीही मी तोच प्रश्न विचारला होता ना!

आज मी विचारणार नव्हते. कप अर्धा झाला तरी मी बिस्किटच बुडवत होते. नानांनीच विचारलं, "आज प्रश्न नाय का?"

"आहे ना. जर मी टेबलावर बसले तर काय होईल?"

"बघू," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई लग्नाची मिठाई घेऊन परतले. दुपारभर नेहमीचं काम. चारला पाच कमी झाले. नाना उठले नाहीत. चारला दोन कमी झाले. चारला एक कमी. चपला जागच्या जागी, किटली खिळ्याला तशीच टांगलेली.

सलीमभाईंनी भिंतीवरच्या खोक्याकडं बघितलं, मग किटलीकडं. "उस्ताद? चाय?"

नाना टेबलावरून उठले. चालत काउंटरपाशी आले आणि मी उठेपर्यंत उभे राहिले. मग माझ्या खुर्चीत बसले, चष्मा शर्टाला पुसला, फॉर्म पुढं ओढला आणि समोर ताटकळलेल्या बाईंना म्हणाले,

"बोला ताई, पूर्ण नाव काय? जरा मोठ्यानं सांगा."